बियाणं उगवलं नाही, पण त्याच्या घराचं फाटक कशाला दाखवलं?

प्रश्न (यवतमाळ जिल्ह्यातून आलेलं पत्र. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पत्र मोठं होतं, त्याचं सार इथे देत आहोत.)

मी ३२ वर्षांचा कास्तकार आहे. चार एकर कोरडवाहू वावर. यंदा तालुक्याच्या गावातल्या कृषी केंद्रातून सोयाबीनच्या चार बॅगा नगदी घेतल्या. अर्ध्याहून जास्त बियाणं उगवलंच नाही. दुकानदाराकडे गेलो तर म्हणे, ‘ओल नसताना पेरलं, त्याला मी काय करू?’ चार लोकांसमोर त्यानं मला दुकानातून काढून दिलं. त्या रागात मी व्हिडिओ केला. आधी वावर दाखवलं. मग त्याच्या घरासमोर जाऊन घर, गाडी दाखवली, मोबाइल नंबर वाचून दाखवला, बायको कोणत्या गावच्या शाळेत शिकवते तेही सांगितलं. व्हिडिओ गावच्या ग्रुपवरून फेसबुकवर गेला आणि हजारो लोकांनी पाहिला. कमेंटमध्ये कोणीतरी त्याच्या मुलीचा फोटो आणि अमरावतीतलं तिचं कॉलेज टाकलं. त्यांना रात्रंदिवस फोन येतात, मुलगी कॉलेज सोडून घरी आली, असं ऐकतो. त्यानं पोलिसांत अर्ज दिला आहे. पण त्याच आठवड्यात त्यानं तीन कास्तकारांना बॅगा बदलूनही दिल्या. लोक मला वाघ म्हणतात. घरची म्हणते, काढून टाका. मी काय लबाड बोललो? वावर माहं, पैसा माहा, बियाणं त्याचं. आता काढलं तर लोक म्हणतील, भेला. काय करू?

उत्तर

भाऊ, तुम्ही पत्रासोबत व्हिडिओही पाठवलात. तो मी नीट पाहिला.

सुरुवातीला तुम्ही वावरात उकिडवे बसून बोटानं तास उकरता. तीन-चार इंच उकरल्यावर एक दाणा हाती लागतो. फुगलेला, पण कोंब नाही. दोन बोटांत धरून दाबता, तो फुटतो आणि बोटाला चिकटतो. तुम्ही बोट पॅन्टीला पुसता आणि पुढचं तास उकरायला घेता. त्या मिनिटभरात तुम्ही एक शब्द बोलत नाही, आणि त्याइतकं ठाम दुसरं काही त्या व्हिडिओत नाही. ज्यानं दुबार पेरणी भोगली आहे, त्याला आणखी काही सांगायला नको.

मग व्हिडिओ तुटतो आणि एक कॉलनी दिसते. लोखंडी फाटक, दोरीवर वाळणारे कपडे, अंगणात मुलीची स्कूटी, तीही नंबर प्लेटसकट. तुमचा आवाज चढतो. पहिला भाग साक्ष आहे, कुठेही उभी राहील अशी. दुसऱ्या भागानं त्या साक्षीत काय भर पडली? फाटक पाहून बियाण्याबद्दल काय कळलं? आणि जे कळायला हवं होतं ते कुठेच नाही. त्या अख्ख्या व्हिडिओत बॅगेवरचा लॉट नंबर एकदाही दिसत नाही. कंपनीचं नाव एकदाही ऐकू येत नाही. टॅग निळा होता की हिरवा, म्हणजे बियाणं प्रमाणित (सरकारी यंत्रणेनं तपासलेलं) होतं की सत्यप्रत (कंपनीनं स्वतःच्या हमीवर विकलेलं), तेही कळत नाही. बॅग सीलबंद येते, दुकानदार ती भरत नाही. दोष बियाण्याचा निघाला तर पहिली जबाबदारी ते तयार करणाऱ्याची. तो माणूस कुठेतरी निवांत आहे. हजारो लोकांनी व्हिडिओ पाहिला आणि त्यांतल्या एकालाही त्याचं नाव ठाऊक नाही.

असं का झालं, यावर थोडं थांबू या, कारण हे फक्त तुमचं झालेलं नाही.

तुमचा राग खरा आहे आणि तो एका दिवसाचा नाही. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार समितीत कास्तकार त्याहून बऱ्याच कमी भावात माल टाकून परत येत होता. त्याआधी पाऊस, त्याआधी पीक विम्याचे हेलपाटे. या सगळ्याला कुठे तोंड असतं? भाव पाडणारा दिसत नाही, कंपनी दिसत नाही, ढग तर कोणाचंच ऐकत नाहीत. दिसतो तो पंख्याखाली खुर्चीवर बसलेला ओळखीचा माणूस. त्यात त्यानं चार लोकांसमोर तुमचा पाणउतारा केला. साठलेला राग ज्याचा चेहरा दिसतो त्याच्यावर जातो. तो माणूस निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. ज्या रीतीनं त्यानं तुम्हाला हाकललं, ती चूकच. पण वर्षानुवर्षांची सगळी थकबाकी त्या एका फाटकावर वसूल झाली, असं मला दिसतं.

आता तुमचा मुख्य सवाल: मी काय लबाड बोललो? नाही, लबाड बोलला नाहीत. घर त्याचंच आहे, नंबर त्याचाच आहे, बायको शिक्षिका आहेच. पण गोष्ट खरी आहे एवढ्यानं ती सांगायचा हक्क मिळतो, हे गृहीतक मला मान्य नाही. तुमच्या घरी कोणावर किती कर्ज आहे, कोण कोणत्या आजाराची गोळी घेतं, हेही खरंच असतं.

यावर गावात हमखास मिळणारं उत्तर असं: यात लपवण्यासारखं काय? तालुक्यात त्याचं घर कोणाला माहीत नाही? नंबर तर दुकानाच्या पाटीवर रंगवलेला आहे. खरं आहे. पण ज्याला ते घर माहीत आहे, त्याला तो माणूसही माहीत आहे. याच माणसानं एखाद्या वर्षी हंगाम संपेपर्यंत उधारी मागितली नव्हती, हे त्याला ठाऊक असेल. किंवा याचा काटा मारतो, हेही ठाऊक असेल. ती मुलगी कोणाच्या तरी बहिणीची मैत्रीण असेल. गावात माहिती नात्यासोबत येते, आणि नात्याची भीड माणसाला आवर घालते. नांदेडहून, नाशिकहून जो रात्री दोन वाजता फोन लावून शिव्या देतो, त्याच्याकडे फक्त नंबर आहे. त्याला भीड नाही, ओळख नाही, उद्या बाजारात समोर यायची धास्ती नाही. माहिती तीच, पण ती ज्या हातांत गेली ते हात वेगळे. एखाद्याचा पत्ता, नंबर, घरचे लोक अशा रीतीनं अनोळखी जमावाच्या हाती देणं, यालाच डॉक्सिंग म्हणतात.

तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंत, ‘फोन मी केले नाहीत, मुलीचा फोटोही मी टाकला नाही.’ हे वाक्य या प्रकारात सामील असलेला प्रत्येक जण म्हणू शकतो. फोन करणारा म्हणेल, मी तर एकदाच केला. फोटो टाकणारा म्हणेल, तो तिच्याच इन्स्टाग्रामवर होता. पुढे पाठवणारा म्हणेल, मी फक्त फॉरवर्ड केलं. अल्बर्ट बांदुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञानं हे बारकाईनं मांडलं आहे. भली माणसं वाईट कृत्य करतात तेव्हा त्यांची नीती मेलेली नसते. ती तेवढ्यापुरती बाजूला ठेवायच्या वाटा मन शोधून काढतं. जबाबदारी वाटून टाकणं ही त्यातली मोठी वाट. समोरच्याला माणूस न मानणं ही दुसरी. तुमच्या व्हिडिओखालच्या कमेंट वरून खाली वाचत जा. पहिल्या काही बियाण्याबद्दल आहेत. मग ‘हे चोर’ येतं, मग त्याची जात येते, मग मुलगी. शेवटी सोयाबीन हा शब्दही उरत नाही. प्रत्येकानं आपापला छोटा वाटा उचलला, पण त्या घरात पोचली ती सगळ्यांची बेरीज.

२०१८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सावाओका आणि मोनिन या संशोधकांनी यावर प्रयोग केले. कोणीतरी आक्षेपार्ह काही टाकलं आणि त्याला एका-दोघांनी सुनावलं, तर बघणाऱ्यांना ते सुनावणं योग्य वाटतं. तेच शब्द दहा जणांनी लिहिले की बघणाऱ्याला सुनावणारे दांडगाई करत आहेत असं वाटू लागतं आणि मूळ चुकणाऱ्याची कीव येते. शब्द बदललेले नसतात, फक्त माणसं वाढलेली असतात. यात तुमच्या कामाचंही काही आहे. तुमच्या तालुक्यात आज लोक काय बोलत असतील? ‘बियाणं खराब निघालं’ की ‘बिचाऱ्याच्या पोरीला घरी यावं लागलं’? मला वाटतं, दुसरं. म्हणजे फसवला गेलात तुम्ही आणि लोकांची कणव गेली तिकडे.

यात दुकानदाराचंही एक म्हणणं आहे, ते तुम्हाला आवडणार नाही तरी लिहिते. तो म्हणाला, ओल नसताना पेरलं. ही कायमची पळवाट असते हे मान्य. पण कृषी विभागही दरवर्षी हेच सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, आणि दाणा फार खोल टाकू नका. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं, पोती आपटली तरी उगवण घटते. २०२० च्या खरिपात राज्यभर सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी आल्या. आदल्या ऑक्टोबरात काढणीच्या तोंडावर झालेल्या पावसानं बियाण्याचा माल भिजला होता, हे त्यामागचं एक मोठं कारण. म्हणजे दोष बियाण्याचा असू शकतो, साठवणुकीचा असू शकतो, ओलीचा, पेरणीच्या खोलीचाही असू शकतो. व्हिडिओत तुम्ही दाणा तीन-चार इंचांवरून काढता, तेव्हा हा प्रश्न कोणीही विचारेल. कशामुळे झालं हे फक्त तपासणीतूनच कळतं. शिक्षा मात्र तपासणीच्या आधीच सुरू झाली, आणि ती अशा दोघींना झाली ज्यांनी तुम्हाला एक दाणाही विकला नव्हता.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत होते. ते पाठवणाऱ्या बहुतेकांना वाटत होतं की आपण लेकरांना सावध करतो आहोत. तुमच्या गोष्टीची आणि त्या गोष्टीची बरोबरी मी करत नाही. तिथे मेसेजच खोटे होते, तुमचं नुकसान खरं आहे. पण फोनमधून सुटलेला जमाव कुठवर जाईल हे सोडणाऱ्याच्या हाती नसतं, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. तुमच्या व्हिडिओनंतर कोणी दगड घेऊन त्या फाटकाशी गेलं नाही, याचं मला समाधान आहे. ते तुमच्या हातात नव्हतं.

आणि तरी तुमचा एक मुद्दा मी झटकून टाकू शकत नाही. तुम्ही म्हणता, व्हिडिओ केला म्हणून तर तिघांना बॅगा मिळाल्या. सरळ मार्गानं आमचं कोण ऐकतं? कचेरीत साहेब दौऱ्यावर असतात, अर्ज घेतला तर पोच देत नाहीत, आणि पंचनाम्याला येईपर्यंत वावरात तण माजलेलं असतं. हे सगळं होतं, आणि म्हणूनच माणसं मोबाइल उचलतात. आवाज उठवला यात काहीच गैर नाही. तुम्ही वावरातला भाग, बिल, बॅग आणि लॉट नंबर एवढंच टाकलं असतं तर मी म्हटलं असतं, आणखी लोकांना पाठवा. पण मिळालं काय तेही पाहा. तिघांना बॅगा मिळाल्या, त्याही तोंडी बोलणीवर, लेखी काही नाही. तुम्हाला मिळाली नाही. त्या लॉटचा नमुना तपासायला गेला नाही, म्हणजे तोच लॉट दुसऱ्या तालुक्यात अजून विकला जात असेल तर जाऊ शकतो. दुकानदारानं पोरीसाठी तडजोड केली, पण कंपनीला कोणी काही विचारलंच नाही.

तुमची झोप उडाली आहे, असं तुम्ही शेवटी लिहिलंत. घरच्यांना वाटतं, पोलिसांच्या भीतीनं. मला आणखी एक कारण दिसतं. कार्ल्समिथ, विल्सन आणि गिल्बर्ट यांनी २००८ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. खेळात फसवणाऱ्याला शिक्षा करायची संधी काही जणांना दिली, काहींना दिली नाही. सगळ्यांचा अंदाज होता की शिक्षा केली की मोकळं वाटेल. झालं उलट. शिक्षा केलेले लोक त्या फसवणाऱ्याचाच विचार करत राहिले आणि त्यांचा मूड जास्त खराब होता. ज्यांना संधीच नव्हती ते विसरून पुढे गेले. तुम्हीही रोज उठून कमेंट बघता. वावर तिकडे वाट पाहतंय.

‘काढलं तर भेला म्हणतील.’ यातली खरी भीती ‘वाघ’ हे नाव जायची आहे, आणि ती मी हलकी समजत नाही. अन्याय करणाऱ्याला जो भिडतो त्याच्यावर लोकांचा भरवसा बसतो. ही माणसाची जुनी रीत आहे आणि चांगली आहे, तिच्यामुळेच ग्रामसभेत कोणीतरी उठून हिशेब विचारतो. पण ऑनलाइन वाघ म्हणणाऱ्यांतला एक तरी तुमच्यासोबत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे आला का? आणि एक सरळ सवाल स्वतःला विचारून बघा: तुमच्यावर कोणी चिडलं आणि त्यानं तुमच्या घरचीचा नंबर, तुमच्या लेकराची शाळा अशी टाकली, तर तुम्ही त्याला वाघ म्हणाल?

तर आता करायचं काय.

व्हिडिओ आजच खाली घ्या, पण फोनमधून मिटवू नका. पोलिसांत अर्ज झालेला आहे, उद्या पुरावा नष्ट केला असं कोणी म्हणायला नको. मूळ प्रत जपून ठेवा. मग फक्त वावराचा भाग कापून पुन्हा टाका. बॅग, टॅग, लॉट नंबर आणि बिलाचा फोटो जोडा, बिलावर त्याचा मोबाइल नंबर असेल तर तो झाकून. खाली तुमच्या शब्दांत लिहा की आधीच्या व्हिडिओतली घराची, नंबरची, कुटुंबाची माहिती मी काढली आहे, ती टाकायला नको होती, कोणीही त्यांना फोन करू नये, जिथे जिथे तो व्हिडिओ गेला तिथून काढावा, आणि बियाण्याची माझी तक्रार कायम आहे. दोन्ही वाक्यं एकाच ठिकाणी असू द्या. मग भेला म्हणायला जागा उरत नाही.

ग्रुपच्या ॲडमिनला भेटा. व्हॉट्सॲपवर ॲडमिनला ग्रुपमधला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो. मुलीचा फोटो ज्यानं टाकला तो बहुधा ओळखीतलाच निघेल. त्याच्याकडे स्वतः जा आणि समोर बसून काढायला लावा. हे काम तुम्हीच केलं पाहिजे, कारण तो तुमचं ऐकेल. मुलीला कोणी घाणेरडे मेसेज केले असतील तर त्यांच्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ आणि ७९ खाली गुन्हा होऊ शकतो, हेही त्याच्या कानावर घाला.

माफीचं म्हणाल तर ती मागा, पण कॅमेऱ्यासमोर नको आणि त्यांच्या दारातही नको. त्या घराला सध्या फाटकाशी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाची धास्ती असेल. दोघांच्याही ओळखीच्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाकरवी निरोप पाठवा. आणि माफी फक्त घर, नंबर आणि कुटुंबाबद्दल. बियाण्याबद्दल नाही. त्यांनी माफ केलं नाही तर तो त्यांचा अधिकार.

पोलिसांनी बोलावलं तर टाळू नका. बिल आणि बॅग घेऊन जा, पण आधी वकिलाशी बोला. परवडत नसेल तर तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथे मोफत सल्ला मिळतो का ते विचारा. एवढं ध्यानात ठेवा की बदनामीच्या कायद्यात, म्हणजे संहितेच्या कलम ३५६ मध्ये, ‘खरं बोललो’ एवढं पुरत नाही. ते बोलणं लोकहितासाठी होतं हेही दाखवावं लागतं. खराब बियाण्याची माहिती देणं लोकहितात बसू शकेल, बायकोच्या शाळेचं नाव त्यात बसणार नाही.

हे वाचणाऱ्यांत दुसऱ्या बाजूचेही कोणी असतील, ज्यांचा नंबर किंवा घर असं फिरवलं गेलं. त्यांनी उत्तराचे व्हिडिओ करू नयेत, त्यानं आग वाढते. तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, जिवाची धमकी असेल तर ११२ लावा. आणि ज्यांच्या मनात असा व्हिडिओ टाकायचं आत्ता घोळतंय, त्यांनी पाठवण्याआधी एकेक तपशील काढून बघावा. पत्ता काढला तर तक्रार कमजोर होते का? बायकोचं नाव काढलं तर? जे काढल्यानं तक्रारीचं काही बिघडत नाही, ते फक्त दुखवण्यासाठी घातलेलं असतं.

आता बियाणं. तालुका कृषी अधिकारी आणि पंचायत समितीचे कृषी अधिकारी, दोघांच्या नावे लेखी अर्ज करा: कंपनी, वाण, लॉट नंबर, खरेदीची आणि पेरणीची तारीख, किती एकर. बिलाची झेरॉक्स लावा, मूळ बिल देऊ नका. तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती वावरात येऊन पंचनामा करते. त्याच लॉटचं बियाणं घेतलेले आणखी कास्तकार सोबत घ्या, बॅगा बदलून मिळालेले तिघेही. एकट्याच्या अर्जापेक्षा सात-आठ अर्ज एकदम गेले की समितीला यावंच लागतं. समितीचा अहवाल बियाण्याच्या विरोधात आला तर जिल्हा ग्राहक आयोगाची वाट मोकळी आहे. बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात स्पष्ट केलेलं आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. तिथे कंपनी आणि दुकानदार दोघांनाही उत्तर द्यावं लागेल.

तुम्ही लिहिलंत की दोन एकरांत तूर पेरून झाली आणि उरलेले दोन एकर या आठवड्यात मोडणार आहात. पंचनामा होईपर्यंत ते मोडू नका. पेरलेल्यातलं मूठभर बियाणं शिल्लक असेल तर ते बॅगेच्या टॅगसकट पिशवीत बांधून कोरड्या जागी ठेवा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का आणि सही घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.